आर्थर डँटो वर्गात शिकवायचे तर

कलेच्या तत्त्वज्ञाचं आयुष्य शिकवताना जन्मापासून सुरुवात करू नका. सुरुवातीची काही वर्षं मी फळ्यावर लिहायचे: आर्थर डँटो, जन्म १९२४, अ‍ॅन आर्बर, अमेरिका; महायुद्धात सैन्यात; मग कोलंबिया विद्यापीठ. मुलं उतरवून घ्यायची आणि विसरून जायची.

आता मी आधी खोकं आणते. किराणा दुकानातून साबणाचं रिकामं खोकं मागून घ्या. सुताराकडून त्याच मापाची प्लायवूडची पेटी करून घ्या आणि तिच्यावर तीच अक्षरं, तेच रंग चढवा. मला चार संध्याकाळी लागल्या. लाल रंग काही केल्या जुळेना. मग दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि विचारा, यातली कलाकृती कोणती? हात मात्र लावू देऊ नका.

१९६४ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या स्टेबल गॅलरीत डँटोंना अडलेला प्रश्न हाच. भांडी घासायच्या ‘ब्रिलो’ घासण्यांची खोकी अँडी वॉरहॉल या अमेरिकी कलावंतानं प्लायवूडमध्ये करून मांडली होती. दुकानातलं मूळ खोकं जेम्स हार्वी या चित्रकारानं आखलेलं होतं. हे जरूर सांगा, वर्ग तिथेच जागा होतो.

इथे कवी आणि सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक बा. सी. मर्ढेकरांना आणा. संवाद, विरोध, समतोल हे त्यांचे लयीचे नियम दोन्ही खोक्यांना सारखेच लागतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, मग तो आहे कुठे? डँटो म्हणाले, कलेच्या इतिहासात आणि सिद्धान्तात, म्हणजे कलाविश्वात. त्यांचा ‘द आर्टवर्ल्ड’ हा निबंध त्याच वर्षीचा.

आता तारखा सांगा. डँटो स्वतः लाकडी ठशांची चित्रं करत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तत्त्वज्ञानासाठी त्यांनी ती थांबवली. इथे थोडं रेंगाळा, कारण वर्गात चित्रं काढणारं कुणीतरी असतंच. मग इतिहास, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांवरची पुस्तकं आली. खोक्याच्या प्रश्नाला पूर्ण पुस्तक मिळालं ते १९८१ मध्ये. सतरा वर्षं! १९८४ पासून पंचवीस वर्षं ‘द नेशन’ या अमेरिकी नियतकालिकात कलासमीक्षा. बाकीचं छापील टिपणात द्या.

शेवटची दहा मिनिटं खोकी उचलू द्या. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग हार्वींचं खोकं कला का नाही?” उत्तराची घाई करू नका. डँटोंनीच पुढे लिहिलंय की, हार्वींचं खोकं ब्रिलोचं गुणगान करतं, वॉरहॉलचं खोकं तसं करत नाही. तो उतारा पुढच्या तासाला वाचा, खोकी टेबलावर तशीच ठेवून.