पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले, तर

पुण्यातल्या मेडिसिन वॉर्डात मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर म्हणायचे, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. नातेवाईक जिन्यात जाऊन गावाला फोन लावायचे आणि येऊन सांगायचे, "नको सिस्टर, पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणतात."

माझ्या सख्ख्या भावानेही सही करायला दोन दिवस लावले. भाच्याला पंधरा दिवस बारीक ताप होता, डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. त्या दोन दिवसांत तो हाकेला ओ देईनासा झाला. टीबीचा मेंदूज्वर निघाला. तो वाचला, पण उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

म्हणून सही करण्याआधी एवढं समजून घ्या. पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते पाणी. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या फटीत. तिथे पाण्यात नसांचे मोकळे धागे असतात, ते सहसा सुईपुढून सरकतात. पाणी संपण्याचीही भीती नको. ते अंगात साधारण १५० मिली असतं आणि रोज ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं. काढतात ते एक-दोन चमचे. मग लुळेपणा कुठून येतो? टीबीत मेंदूच्या बुडाशी चिकट सूज साठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि एक बाजू जाते. हे आजार करतो. त्याच सुमारास पाणी काढलेलं असतं, म्हणून आळ सुईवर येतो.

पेशंट रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नसेल किंवा कमरेवर गळू असेल, तर आधी सांगा. आकडी आली असेल, शुद्ध हरपत असेल किंवा एक बाजू हलत नसेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. ते टाळू नका. फक्त विचारा, "तोवर अँटिबायोटिक सुरू केलंय ना?" जिवाणूंच्या मेंदूज्वरात औषध स्कॅनसाठी थांबवून ठेवत नाहीत.

पेशंटला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. धरायला तुम्हाला बोलावलं, तर एक हात मानेमागे आणि दुसरा गुडघ्यांमागे ठेवा, आणि त्याच्याशी बोलत राहा. लहान मुलाची मान इतकी दाबू नका की श्वास कोंडेल. त्याच सुमारास हाताचं रक्तही घेतील. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघायची असते; जिवाणू आणि टीबीच्या मेंदूज्वरात ती उतरते.

आता बल्ब, म्हणजे काढलेलं पाणी भरलेल्या छोट्या बाटल्या. वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसले की त्या नातेवाइकांच्याच हातात येतात. नाव आणि वेळ लिहिलीय का बघा आणि थेट लॅबमध्ये जा, वाटेत चहा नको. पाण्यातल्या पेशी तासाभरात फुटू लागतात. बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, काही जिवाणू थंडीने मरतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवून बघतात त्या तपासणीत, काहीच उगवत नाही. विषाणूंच्या तपासणीसाठी, म्हणजे आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) वगैरे, नमुना जायचा असेल तर मात्र तो थंड ठेवतात. ते हॉस्पिटलवालेच करतात.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणून सुटलो असं समजू नका. पू झालेलं पाणी गढूळ दिसतं, पण टीबीचं बहुतेकदा नितळच असतं, आणि ठेवून दिलं की कधी कधी त्यावर कोळिष्टकासारखी जाळी धरते.

नंतर एक-दोन दिवस उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. हे बहुतेकदा आपोआप जातं. पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर मात्र लगेच सिस्टरला हाक मारा.

टीबी निघाला, तर सरकारी गोळ्या मोफत मिळतात, पण मेंदूच्या टीबीला त्या ९ ते १२ महिने लागतात. सोबतचं स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. चौथ्या महिन्यात भाचा हिंडूफिरू लागला आणि वहिनी गोळ्या थांबवायला निघाली. तेव्हापासून बारावा महिना संपेपर्यंत दर रविवारी मी कात्रजला जाऊन त्याची रिकामी पाकिटं मोजत असे.