खुडूक कोंबडी आजारी पडली तर या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या करून बसलोय)

आमच्या गल्लीत कुणाची कोंबडी खुडूक बसली (म्हंजे अंडी देणं थांबवून अंडी उबवायला बसली) की फोन मला येतो. "दादा, दोन दिस झालं खाईना बघ, नुसती फुगून बसलीया, मरती काय कुणास ठाऊक." मी जाऊन बघतो तर कोंबडी ठणठणीत, हात पुढं केला की सटकन टोच मारते. आणि जी खरंच मरायला टेकलेली असते ना, तिच्यासाठी फोन येतच नाही, कारण घरात सगळ्यांनी ठरवलेलं असतं की खुडूक हाय, बसू दे, २१ दिवसांनी पिल्लं निघाली की उठंल.

माझी काळी असील (देशी लढाऊ जातीची कोंबडी) अशीच गेली. खाली ११ अंडी ठेवून रवणीला (उबवायला) बसवलेली, नवव्या दिवशी सकाळी बघतो तर बाई अंड्यावरच मान टाकून बसलेली आणि खालची अंडी गार. उचलली तर हातात नुसती पिसं आणि हाडं, आणि माझ्या मनगटावर दोन मिनिटात शंभरभर बारीक लाल किडे चढले. नऊ दिवस मी रोज लांबूनच बघून "मस्त बसलीय" म्हणत होतो. हीच सगळ्यात मोठी चूक, लांबून बघणं. बाकीच्या चुका हिच्याच पोटातल्या.

गोची अशी आहे की चांगली खुडूक कोंबडीसुद्धा आजारीच दिसते. खाणं निम्म्याच्या खाली येतं, तुरा फिका पडतो, छातीची पिसं स्वतःच उपटून टाकते (अंड्याला अंगाची ऊब डायरेक्ट लागावी म्हणून), वजन पाचव्या हिश्शाएवढं कमी होऊ शकतं आणि दिवसातनं एकदाच उठून जी विष्ठा टाकते ती एवढी मोठी आणि एवढी घाण वासाची असते की नवीन माणूस घाबरून थेट औषधाच्या दुकानात पळतो. हे सगळं नॉर्मल आहे. अंग गरम लागतं तेपण नॉर्मल, कोंबडीचं तापमान मुळात ४१ डिग्रीच्या आसपास असतं, त्यामुळं "ताप आलाय" म्हणून आपल्या डब्यातली तापाची गोळी चुरून घालू नका, मी हे बघितलेलं आहे म्हणून सांगतोय.

मग ओळखायचं कसं? मी एकच करतो. तिला दोन्ही हातांनी बुट्टीतनं (ती बसलेल्या टोपलीतनं) अलगद उचलायची (आधी पंखाखाली बघा, कधीकधी अंडं अडकून वर येतं आणि खाली पडून फुटतं) आणि पंधरा-वीस पावलं लांब अंगणात नेऊन ठेवायची. चांगली खुडूक असेल तर मिनिटभर दगडासारखी बसते, मग एकदम झोपेतनं उठल्यासारखी उठते, पिसं फुगवते, खुडखुड करत फिरते, घाण करते, पाणी पिते, घाईघाईत चार दाणे टिपते, मातीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटात परत बुट्टीकडं पळते. आजारी असेल तर ठेवली तिथंच उभी राहते, शेपूट खाली, पंख सुटलेले, डोळे मिटमिट, दाणा टाकला तरी बघत नाही. तुरा फिका असला तर एवढी काळजी नको पण जांभळट झाला असेल, किंवा पातळ हिरवी हगवण लागली असेल, किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्या दिवशीच डॉक्टर. आणि हात लावल्यावर जी अजिबात गुरगुरत नाही, टोचत नाही, ती "शांत" झाली म्हणून खूश होऊ नका, ती संपत आलेली असू शकते.

अजून एक, जी डालग्यात (कोंबड्या ठेवायच्या टोपल्यात) बसून राहते ती खुडूकच असते असं पण नाही. अंडं अडकलेली कोंबडीपण तिथंच जाऊन बसते. ती मधेच उठते, परत बसते, शेपूट वरखाली करत जोर लावते, चालताना ताठ उभी राहून फेंगडी चालते. हिला खुडूक समजून चार दिवस वाट बघितली तर गेलीच. कोमट पाण्यात (आपल्या मनगटाला सोसेल एवढंच) पंधरा-वीस मिनिटं मागचा भाग बुडवून धरायचा, मग अंधाऱ्या उबदार जागेत ठेवायची. तरी अंडं आलं नाही तर पोट दाबत बसू नका, आत फुटलं तर खेळ खल्लास.

आता किड्यांचं सांगतो, कारण माझ्या बघण्यात खुडूक कोंबड्या सगळ्यात जास्त यानंच जातात. कोंबडी रोज मातीत लोळते ती मजा म्हणून नाही, ती तिची आंघोळ आहे. खुडूक बसली की ही आंघोळ जवळपास बंद होते आणि २४ तास ऊब देणारं अंग किड्यांना आयतं मिळतं. उवा अंगावरच राहतात, शेपटीखाली पिसांच्या बुडाला लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतात. लाल किडे मात्र चोर आहेत, दिवसा बुट्टीच्या बांबूच्या फटीत नाहीतर खुराड्याच्या सांध्यात लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी तपासून "काय नाही" म्हणणं ही चूक मी केली. रात्री नऊ-दहाला मोबाईलची टॉर्च घेऊन जा, बुट्टीच्या कडेवरनं पांढरं फडकं फिरवा, लाल डाग उमटले की समजा.

यावर लोकांचे उपाय ऐकाल तर डोकं फिरतं. रॉकेल चोळणं, फिनेल मारणं, आणि आमच्याकडं तर उसाला नाहीतर वांग्याला आणलेलं कीटकनाशक शेडमध्ये असतंच, तेच झाकणभर पाण्यात घालून कोंबडीवर! अहो ती चोचीनं पिसं साफ करते, सगळं पोटात जातं. निपाणीकडचा एक पाव्हणा बुट्टीत तंबाखूची पानं घालायला सांगून गेला, निकोटीन विषच आहे की, किड्याला पण आणि कोंबडीला पण. कडुलिंबाचा पाला घाला, त्यानं बिघडत नाही, पण नुसत्या पाल्यावर भरलेली बुट्टी साफ होत नाही हेही खरं. जुनी पिंजार (खाली अंथरलेलं वाळकं गवत) सगळी जाळायची, बुट्टी शक्यतो बदलायची नाहीतर उकळतं पाणी ओतून कडक उन्हात टाकायची, खुराड्याला आतनं चुना मारायचा आणि कोंबडीसाठी पक्ष्यांना चालणारी पावडर जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच आणायची. आठ-दहा दिवसांनी परत एकदा मारायची, कारण पहिल्या वेळेला लिखा मरत नाहीत, त्यातनं नवीन बाहेर येतात. लोळायला घमेल्यात कोरडी माती आणि राख. आम्हाला गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राख फुकट मिळते, भारी काम करते, फक्त ती थंड आणि कोरडी पाहिजे, ओली राख कातडी भाजते.

खायला काय घालायचं यात पण घोळ होतो. अंडी देणाऱ्या कोंबडीचं लेअर खाद्य खुडूकला नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि ही बया आता अंडी देत नाही. मक्याचा भरडा, ज्वारी, तांदळाची कणी, थोडं उकडलेलं अंडं कुस्करून, एवढं बास. शेंगदाण्याची पेंड असेल तर वास घेऊन बघा, जुलै-ऑगस्टात आपल्याकडं आठवडाभर ऊन दिसत नाही आणि पेंडीला, मक्याला बुरशी धरते, त्या बुरशीचं विष कोंबडीचं लिव्हर खातं. वरनं झटकून, परत वाळवून घालू नका, विष तसंच राहतं. फेकून द्या.

अशक्त कोंबडीला चोच उघडून चमच्यानं पाणी ओतणं, हे तर घरोघरी. श्वासनलिकेचं भोक जिभेच्या मागंच उघडं असतं, पाणी तिकडं गेलं की संपलं. चोचीच्या कडेला बाहेरनं एक-एक थेंब लावा, ती स्वतः चाटून गिळते. तांब्याभर पाण्यात सुपारीएवढा गूळ आणि अगदी चिमटीभर मीठ, हे एक दिवस, मग साधं पाणी. रात्री झोपताना गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली असते, ती सकाळी रिकामी झाली पाहिजे. सकाळी पण टम्म आणि लगद्यासारखी लागत असेल तर आतलं पुढं सरकतच नाही, वरनं अजून दाणे कोंबू नका.

आता अंड्यांचं. सगळ्यांचा जीव अंड्यात अडकतो, माझापण. कोंबडी खरंच आजारी असेल तर अंडी तिच्याखालनं काढायची. २१ दिवस उपाशी तापशी बसणं हे धडधाकट कोंबडीचं काम आहे, आजारी कोंबडी बसली तर ती पण जाते आणि अंडी पण गार होतात. मी आता फक्त एकच सूट देतो, १८ दिवस होऊन गेले असतील आणि ती स्वतःच्या पायावर उठून खात असेल तर दाणा-पाणी बुट्टीजवळ आणून तीन दिवस सांभाळतो. नाहीतर शेजारी कुणाची खुडूक असेल तर रात्री अंधारात तिच्याखाली सरकवायची, नाहीतर कुणाचं उबवणीचं मशीन. अंडी धुऊ नका, वरचा थर जातो. आणि किडे असलेल्या बुट्टीतली अंडी असतील तर कोरड्या फडक्यानं पुसून, बघूनच द्या, शेजाऱ्याच्या घरात किडे पाठवू नका (मी पाठवलेत, काकी आठ दिवस बोलत नव्हत्या).

अंडी काढली तरी ती मोकळ्या बुट्टीतच जाऊन बसते. मग गावातले इलाज सुरू, नाकात पीस घाल, पाय बांध, गार पाण्याच्या बादलीत बुडव. आजारी जिवाला पावसाळ्यात गार पाण्यात बुडवणं म्हंजे मारायचंच की. भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या, खाली जाळी असते ना तो, दोन विटांवर ठेवा, वर दुसरा क्रेट झाकण. खाली पिंजार नको, पोटाला हवा लागली की खुडूकपणा तीन-चार दिवसात उतरतो, दाणा-पाणी आत पाहिजेच. पण अगदी गळपटलेली असेल तर हे लगेच करू नका, आधी दोन दिवस उबदार कोपऱ्यात खाऊ-पिऊ द्या, मग क्रेट.

दुकानातनं टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पावडर आणून अंदाजानं पाण्यात टाकणं मी बंद केलं. एकदा दुकानदारानं "सगळ्यावर चालतं" म्हणून दिली, किड्यांनी रक्त पिऊन फिकी पडलेली कोंबडी त्यानं काय बरी होणार? आणि मान वाकडी, हिरवी हगवण, एकापाठोपाठ एक बसायला लागल्या तर ती मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते, तिला औषध नाही, लस आधीच द्यायची असते, आणि ती पण धडधाकट कोंबडीला, आजारी पडल्यावर नाही. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना नाहीतर १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाईन नंबरला फोन. पटापट मरायला लागल्या तर मेलेल्या ओढ्यात टाकू नका आणि उरलेल्या घाईनं वडगावच्या बाजारात नेऊन विकू नका. २००६ ला नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या ते आठवा. हात साबणानं धुवा, पोरांना लांब ठेवा.

काळी गेल्यावर पुढच्या हिवाळ्यात तांबडी बसली. (मामा दर रविवारी तिच्याकडं बघून तांबडा रस्सा, तांबडा रस्सा करतात, तिला कळतं असं मला वाटतं.) यावेळी बसवायच्या आधी वजन केलं, १ किलो ४०० ग्रॅम, वहीत लिहिलं, आणि दर चार दिवसांनी पिशवीत घालून काट्याला लावत होतो. बाराव्या दिवशी १ किलो ५० भरली. चौथा हिस्सा गेला होता. लांबून बघितलं असतं तर मस्त बसलेली दिसत होती. त्याच रात्री अंडी काकींच्या खुडूककडं, तांबडी स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात. ११ मधल्या ७ अंड्यातनं पिल्लं निघाली, काकींनी ठरल्याप्रमाणं तीन पिल्लं ठेवून घेतली. तांबडी महिन्याभरात भरली, परत अंड्यावर आली, आणि पंधरा अंडी झाल्यावर म्हशीच्या गव्हाणीत जाऊन परत खुडूक बसली. यावेळी पहिल्याच संध्याकाळी क्रेट काढला.