कचरागाडीने डबा परत केला? या चुका टाळा

उन्हाळ्यातली गोष्ट. कचरागाडीवरच्या पोराने आमची पिशवी उचलली आणि लगेच खाली सोडली. आत टरबुजाची सालं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या आणि लेकाने दाढी करून फेकलेलं ब्लेड. बोट कापलं त्याचं. "काकू, असं काऊन टाकता?" एवढंच बोलला. मी पट्टी आणायला आत पळाले, तोवर गाडी दोन घरं पुढे गेलेली.

१ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यानुसार घरातच चार भाग करायचे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. आपला हात मात्र अजून हिरव्या-निळ्या डब्यांपुरताच वळलेला आहे, आणि खरं सांगायचं तर तोही नीट नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओला कचरा पन्नीत गच्च बांधून देणं. आपल्याला वाटतं, स्वच्छ काम झालं. पण त्या पन्नीमुळे ओला कचरा निव्वळ ओला राहतच नाही, त्यात प्लास्टिक मिसळतं. खत करायचं तर आधी कोणीतरी ती फाडायला हवी. शिवाय नागपूरचं ऊन! मे महिन्यात बंद पिशवीतलं खरकटं संध्याकाळपर्यंत फसफसतं. त्यापेक्षा डब्याच्या तळाशी रद्दी पेपर घाला, खरकटं सिंकच्या जाळीत निथळू द्या, टरबुजाच्या सालीचे तुकडे करा आणि डबा थेट गाडीत उलटा करून घरी आणा. अळ्या होत असतील तर वरून मूठभर वाळलेला पाला टाका. वास निम्मा कमी होतो, माझा अनुभव आहे.

सुक्या कचऱ्यात गडबड होते ती तेलामुळे. सावजीच्या पार्सलचा डबा तर्रीसकट फेकला की शेजारचे कागदही वाया जातात. भांडी घासून उरलेल्या पाण्यात एकदा विसळला तरी पुरे. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, तो इवलासा तुकडा पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. नुसती चीर द्या.

डायपर, पॅड कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्यायचे. हाताने कचरा निवडणारी माणसं आहेत, एवढं लक्षात ठेवलं की वेगळं समजवावं लागत नाही.

बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं हा विशेष काळजीचा कचरा. तो रोजच्या ढिगात मिसळायचा नाही, ठरवून दिलेल्या संकलन केंद्रावर किंवा अधिकृत संस्थेकडे द्यायचा. तोवर एका खोक्यात साठवा. औषधं बेसिनमध्ये ओतू नका. मोबाइलची फुगलेली बॅटरी तर सुक्या कचऱ्यात अजिबात नको, दाबली गेली की पेट घेते.

"गाडीवाले शेवटी सगळं एकत्रच करतात" ही तक्रार मीही केली आहे, आणि ती नेहमी खोटी नसते. डोळ्यांसमोर असं झालं तर गाडीचा नंबर, वेळ आणि फोटो घेऊन आपल्या झोन कार्यालयात द्या. शहरात १० झोन आहेत, आपला कोणता ते आधी पाहून ठेवा. गाडी चुकली म्हणून पिशवी रिकाम्या प्लॉटवर भिरकावली, तर दंड करायला मनपाचं उपद्रव शोध पथक आहेच. नाल्यात तर टाकूच नका, नाला तुंबला की पाणी घरात येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी घराघरांत शिरलेलं आपण पाहिलंय.

कूलरच्या जुन्या ताट्यांचं काय, हा अस्सल नागपुरी प्रश्न. लोखंडी जाळी सोडवून कबाड्याला द्या. आतलं गवत उन्हात कोरडं करा आणि गाडीवाल्याला विचारून वेगळं द्या.

आमच्याकडे ब्लेड आता पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात जातं. झाकणावर लेकानेच मार्करने लिहिलंय, "ब्लेड आहेत, उघडू नका." डबा भरला की ओल्या-सुक्यात न टाकता हातात देणार, सांगून. त्या पोराला तो दाखवला, तर म्हणाला, "बाजूच्या काकूंनाही सांगा ना."