ॲव्ह्रोच्या जनरेटरकडून रकमेसाठी बिगडेसिमल कसा मिळवायचा

ॲव्ह्रो हा डेटा साठवण्या-पाठवण्याचा फॉरमॅट; त्याच्या स्कीमावरून (डेटाच्या आराखड्यावरून) जावा क्लास तयार करणारा जनरेटर म्हणजे त्याचा मेव्हन प्लगइन. स्कीमात डेसिमल लिहिलं, तरी हा प्लगइन जावा क्लासमध्ये मुळात बिगडेसिमल (अचूक दशांश संख्या) न देता बाइटबफर (कच्चे बाइट्स) देतो. प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘एनेबल डेसिमल लॉजिकल टाइप’ (सलग, कॅमलकेसमध्ये) ट्रू करा, क्लीन करून पुन्हा बिल्ड करा.

तरीही बाइटबफरच आला, तर स्कीमा तपासा. बहुतेकदा चूक तिथेच सापडते: लॉजिकल टाइप (बाइट्सचा अर्थ काय, इथे डेसिमल), प्रिसिजन (एकूण अंक) आणि स्केल (दशांश स्थळं) हे फील्डच्या पातळीवर लिहिलेले असतात. ते ‘टाइप’च्या आतल्या ऑब्जेक्टमध्ये, बाइट्सच्या शेजारी हवेत. चुकीच्या जागी असले किंवा स्केल प्रिसिजनपेक्षा मोठा असला, तरी बिल्ड अडत नाही. मूळ प्रकार, म्हणजे बाइट्स, गुपचूप वापरला जातो. हीच खरी डोकेदुखी.

रुपये-पैशांसाठी प्रिसिजन 12, स्केल 2 ठेवा, म्हणजे दशांश चिन्हाआधी 10 अंक मावतात. स्केल लिहिलाच नाही तर तो 0 धरला जातो, आणि 99.50 लिहिताना अपवाद (एक्सेप्शन) येतो. 18 टक्के कर काढल्यावर तीन-चार दशांश स्थळं उरतात. लिहिण्याआधी सेटस्केल 2, हाफ-अप करा, म्हणजे रक्कम दोन दशांश स्थळांवर येते आणि अर्धा वर धरला जातो. ॲव्ह्रो स्वतः पूर्णांकन करत नाही, आणि ते बरंच आहे.

स्वतःचा ‘रक्कम’ क्लास हवा असेल तर कन्व्हर्जन क्लास (ॲव्ह्रोचं मूल्य आणि तुमचा क्लास यांत रूपांतर करणारा) लिहून प्लगइनच्या ‘कस्टम कन्व्हर्जन्स’मध्ये नोंदवा. तो क्लास प्लगइनच्या डिपेन्डन्सीत, आधीच कंपाइल झालेल्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असावा. स्कीमाच्याच मॉड्यूलमध्ये ठेवला तर जनरेटर चालतो तेव्हा तो अस्तित्वातच नसतो.