रविवारची आभाराची वही तिसऱ्या आठवड्यातच का बंद पडते? या चुका टाळा

गेली चार वर्षं मी रविवारी दुपारी पंधरा मिनिटं वही घेऊन बसते. आठवड्यात कोणी आपल्यासाठी काय चांगलं केलं ते लिहायचं, एवढंच. माझं बघून मैत्रिणींनी, चुलत बहिणींनी सुरू केलं आणि बहुतेकींचं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद पडलं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, 'मला नाही गं आतून तसं काही वाटत'. वाटत नाही असं नसतं. करायच्या पद्धतीत कुठेतरी अडकतं, आणि ते सुटण्यासारखं असतं म्हणून हे लिहायला घेतलं. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात.

रोज करायला जाऊ नका

सगळ्यात जास्त जण इथेच थांबतात. मोबाइलवर अ‍ॅप घेतलं, रात्री नऊचा अलार्म लावला, रोज तीन गोष्टी लिहायच्या ठरवलं, आणि शनिवार-रविवार आला की त्यात सकाळचं चालणं, ध्यान, केसांना तेल, पुस्तकाची वीस पानं सगळं कोंबलं, म्हणजे सुट्टीचा दिवस पण टाइमटेबलवर गेला आणि रविवारी रात्री आपण आणखी दमलेलो.

या विषयात रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककला या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने त्रासाच्या, आणि चांगल्या लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. पण ते लिहीत होते आठवड्यातून एकदा, आणि हेच कोणी सांगत नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या टीमने सहा आठवडे तुलना करून बघितली, एक गट आठवड्यातून एकदा लिहिणारा आणि एक तीनदा, तर फरक पडला तो एकदा लिहिणाऱ्यांनाच.

आपल्याकडे गोव्यात हे ताटात कळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी म्हणून ट्रॉलर बंद, त्यात श्रावण, कितीतरी घरांत चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत नुस्तें, म्हणजे मासळी, शिजत नाही, आणि मग चवथ झाल्यावर जो पहिला बांगडा ताटात पडतो तो आपण काटा न काटा चोखून खातो. तोच बांगडा नोव्हेंबरात टीव्ही बघत खाऊन होतो, चव लक्षात पण राहत नाही. सवय झाली की चव जाते. आभाराचं पण तसंच आहे हो.

म्हणून आठवड्यातून एकदा, आणि जे आधीच घडतं त्याला जोडून. माझी वेळ म्हणजे दुपारची झोप झाली की, चहा उकळून कपात येईपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. आमच्या फोंड्यात तेव्हा दुकानं बंद, रस्ता शांत, कोणी बेल वाजवत नाही. सकाळी ठेवू नका, सकाळी मासळीबाजार, भाजी, आलं-गेलं, नाही जमत. आणि एखादा रविवार राहिला तर राहिला, पुढच्या वेळी दुप्पट लिहून भरपाई करायची नाही.

'कुटुंब, आरोग्य, नोकरी'

माझ्या पहिल्या वहीत सलग पाच रविवार हेच तीन शब्द आहेत. खोटं काहीच नाही त्यात, पण वाचताना काही हलत नाही, कारण त्यात माणूसच दिसत नाही.

चवथीची माटोळी डोळ्यांसमोर आणा. गणपतीच्या वर ती लाकडी चौकट आणि तिला बांधलेलं एकेक, कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगण, निरफणस, सुपारीचा घड. 'फळं' म्हणून एकगठ्ठा काही कोणी बांधत नाही, प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाची वेगळी गाठ, आणि कवंडळ कोणत्या डोंगरावरून आलं, तोरिंगण कोणाच्या कुळागरातलं (बागायतीतलं) हे पण घरात ठाऊक असतं. वही अशी लिहायची.

एक उदाहरण देते. जुलैत एका बुधवारी सकाळी पावसाचा नुसता मारा चालला होता, मला वाटलं आज काही पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, येत नाही, आणि साडेसहाला पों पों ऐकू आलं. पाटल्यावर, म्हणजे पावाच्या टोपलीवर, निळं प्लास्टिक, टोपीवरून पाण्याची धार, त्याने आधी हात शर्टाच्या आतल्या बाजूला पुसले, मग प्लास्टिकची कड उचलून अगदी तळातल्या दोन पोयी (पावाचाच एक प्रकार) काढून दिल्या आणि म्हणाला, 'वयल्यो ओल्यो जाल्यात.' पोयी अजून गरम होत्या.

हे एवढं लिहिलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'का?' हा 'का' माझा नाही, मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जो तीन चांगल्या गोष्टींचा प्रयोग केला त्यात प्रत्येक गोष्ट का घडली ते पण लिहायला सांगितलं होतं. माझं उत्तर असं आलं की वरच्या ओल्या पोयी दिल्या असत्या तरी मी काही न बोलता घेतल्या असत्या, त्याला कोणी विचारणारं नव्हतं, तरी त्याने हात तळापर्यंत घातला. हे लिहीपर्यंत ती नुसती पोयी होती.

काहीच सुचत नसेल तर दुपारचं शीतकडीचं (भात-कालवणाचं) ताट घ्या आणि त्यातला एकच पदार्थ धरून मागे मागे जा. नारळ म्हटला तर माडावर चढलेला पाडेली, सोलकडी म्हटली तर मे महिन्यात भिंडां (कोकमाची फळं) फोडून सोलं वाळवणारी कोणीतरी. एक हात सापडला की बस, सगळ्या ताटाचा हिशोब नको.

दुसऱ्याची हालत बघून समाधान

'त्यांच्याकडे बघ, त्यांना एक वेळचं मिळत नाही' हे ऐकतच आपण मोठे झालो. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण याने आभार नाही येत, एक तर अपराधी वाटतं नाहीतर सुटल्यासारखं वाटतं, आणि ज्याच्याकडे बघितलं तो माणूस आपल्यासाठी मापाची पट्टी होऊन बसतो. मला हे मनापासून पटत नाही.

तुलना करायचीच तर स्वतःच्याच आयुष्याशी करा, ती गोष्ट घडलीच नसती तर काय झालं असतं असं. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच तपासलं होतं, चांगली गोष्ट कशी घडली ते लिहिणाऱ्यांपेक्षा ती कशी घडली नसती ते लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं.

मी खूप वर्षांपूर्वी चोडणला एका लग्नाला जात होते, रायबंदरच्या धक्क्यावर पोचले आणि डोळ्यांदेखत फेरीबोट सुटली. चिडून बाकड्यावर बसले. शेजारी जी बाई हातातला नारळ सांभाळत बसली होती ती पण त्याच लग्नाला निघालेली, आणि आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस सकाळचा डबा तिच्या घरून आला. ती फेरी मला मिळाली असती तर. एवढंच लिहून मी पेन खाली ठेवलं होतं त्या रविवारी.

राग आलेला असताना वर आभाराचं पांघरूण

ही चूक सगळ्यात नुकसान करणारी आहे. आईच्या आजारपणात एका हॉस्पिटलात आमच्याशी फार वाईट वागले. आई बरी होऊन घरी आली आणि मी त्या रविवारी वहीत लिहिलं, 'आई घरी आली, देवाची कृपा'. खरंच होतं ते. पण रात्रभर डोळा लागला नाही, कारण राग तसाच होता आणि वर आता आपण कृतघ्न आहोत असं पण वाटायला लागलं.

पुढच्या रविवारी आधी राग लिहिला, कोण काय म्हणालं, आई कशी चेहरा फिरवून पडून राहिली, सगळं, दोन पानं झाली. आणि मग तिसऱ्या पानावर आपोआप ती रात्रपाळीची आया आली, जिने कोणी न सांगता आईच्या पायांवर दुसरी चादर घातली होती आणि टोक गादीखाली खोचलं होतं. दोन्ही एकाच जागी घडलेलं, दोन्ही वहीत राहिलं. तेव्हापासून माझा नियमच आहे, तक्रार असेल तर ती आधी, आणि एखाद्या रविवारी नुसती तक्रारच झाली तरी चालेल.

आणि जो माणूस तुम्हाला त्रास देतोय, घरात असो की कामाच्या ठिकाणी, त्याचे आभार शोधत बसू नका. 'पगार मिळतो ना, मग गप्प बसावं' ही भीती आहे, तिला आभाराचं नाव देऊ नका. तसंच दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं चाललं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरला भेटा, वहीने ते बरं होत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, पैसे लागत नाहीत, आणि बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहेच. याच्यात लाजायचं काही नाही.

वहीतच ठेवणं

आता मुख्य गोष्ट. आपण गोव्यात आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतो. देव तुझं बरं करो. या तीन शब्दांत 'मी' कुठे आहे का बघा, नाहीच, सगळं समोरच्याकडे तोंड करून आहे. आणि आपण वही लिहितो ती मात्र मला शांत वाटावं, मला झोप लागावी म्हणून, आणि ज्याचं नाव लिहिलं त्याला पत्ताच नाही. माझी तरी खात्री आहे की वही कोरडी पडते ती याच्यामुळे.

यावर सगळ्यांचं म्हणणं असतं की घरच्यांना काय थँक्यू म्हणायचं, परकं वाटतं. बरोबर आहे, मला पण वाटतं. मग थँक्यू म्हणूच नका, त्यांनी काय केलं ते सांगा.

आमच्याकडे रविवारी सातला सासरे पिशवी घेऊन मासळी आणायला जातात, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून. वहीत त्यांचं नाव तीन-चारदा आलं होतं. एका रविवारी जेवताना मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही आणलेलं नुस्तें कधी शिळं निघालं नाही बघा, इतक्या वर्षांत एकदा पण नाही. मला तर अजून कळत नाही ताजं कुठलं ते.' ते काही बोलले नाहीत, कढी वाढून घेतली. मला वाटलं उगाच बोलले. पुढच्या रविवारी सातला दारात उभे, म्हणाले, 'चल, दाखवतो.' बाजारात त्यांनी बांगड्याचा कल्ला बोटाने उघडून दाखवला, आत लालभडक हवं, तपकिरी झालं की सोडायचं, मग माझं बोट धरून पोटावर दाबलं, खळगा लगेच भरून आला पाहिजे, मग डोळा, काचेसारखा आणि फुगीर. मासळीवालीला सांगत होते, ही आमची सून, हिला फसवू नकोस.

आपल्याला बोलताना जे अवघडल्यासारखं होतं ना, ते समोरच्याला तेवढं होत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावून दोन्ही बाजूंना विचारलं होतं, तर लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कितीतरी जास्त आनंद झाला होता, आणि अवघडलेपणा कमी. म्हणजे आपला अंदाजच चुकतो, आणि त्या अंदाजापायी आपण गप्प राहतो.

स्टेटसवर टाकणं म्हणजे सांगणं नाही हे पण सांगून ठेवते. त्या माणसाला सांगा, फोनवर सांगा, समोरासमोर तर फारच छान. आणि सांगितल्यावर लगेच परतफेडीच्या मागे लागू नका, मिठाईचा बॉक्स घेऊन धावलात तर त्याला पण ओझं आणि तुम्हाला पण. शेजारणीच्या भांड्यातून आलेल्या खतखत्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत चांगलीच आहे, पण ते भांडं दुसऱ्या दिवशीच परत गेलं पाहिजे असं कोणी सांगितलंय?

मुलांच्या हातात वही देऊन 'पाच गोष्टी लिही' म्हणू नका, गृहपाठ होतो तो. रात्री झोपताना 'आज तुझ्याशी कोण चांगलं वागलं?' एवढं विचारा. कधी 'कोणीच नाही' असं उत्तर येईल, ते पण ऐकून घ्या, त्यातूनच शाळेतलं काहीतरी कळतं.

ज्यांना सांगायचं ते आता नसतील तर

असं फार होतं, नाव लिहिता लिहिता हात थांबतो. मी असं असलं की त्यांच्या घरातल्या कोणाला तरी सांगते.

मराठी शाळेत तिसरीत असताना आम्हाला एक बाई होत्या. एकदा शाळा सुटताना असा पाऊस की समोरचं दिसेना, माझ्याकडे काही नव्हतं, आणि बाईंनी आपली काळी, लाकडी मुठीची छत्री माझ्या हातात दिली, 'उद्या आण' म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी म्हार्दोळला देवळाबाहेर जायांच्या गजऱ्यांपाशी त्यांची मुलगी दिसली, ओळख नावापुरती, तरी मी थांबवून तिला हे सगळं सांगितलं. ती गजरा हातात तसाच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, 'तिसरीत म्हणजे कुठलं साल गं?' मी हिशोब करून एकोणनव्वद म्हटलं. ती म्हणाली, 'त्या दिवशी आई नखशिखांत भिजून घरी आली होती, आम्ही सगळे तिला ओरडलो. छत्री शाळेत विसरले म्हणाली.'