पाच लेटरचे इंग्लिश शब्द कसे शोधायचे (मराठी मीडियमवाल्यांसाठी खास)

मी इथं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, आणि दुपारी डबा खाऊन झाला की आम्ही तिघंचौघं मोबाईलवर वर्डल काढून बसतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी, पाच लेटरचा इंग्लिश शब्द ओळखायचा, चान्स सहा, हिरवा आला म्हणजे लेटर बरोबर जागेवर, पिवळा म्हणजे शब्दात आहे पण जागा चुकली, राखाडी म्हणजे नाहीच. जॉश वॉर्डल म्हणून एक जण आहे त्यानं बनवला, 2021 च्या ऑक्टोबरात सगळ्यांना खुला केला आणि 2022 च्या सुरुवातीलाच न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. आता माझ्या भाच्यालाही नाद लागलाय, आठवीत आहे, सेमीला, रोज रात्री फोन, "मामा, सुचंना बे काहीच". म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आपली मेन अडचण अशी आहे की शब्द आपल्याला कानानं येतो, स्पेलिंगनं नाही. नाईट म्हटलं की आपल्या डोक्यात दोनतीन अक्षरं, पण रात्रीचा नाईट एन-आय-जी-एच-टी असा पाचाचा आणि घोड्यावरच्या सरदाराचा नाईट पुढं के लागून सहाचा. रांगेचा क्यू बघा, ऐकायला एकच आवाज आणि लिहायला क्यू-यू-ई-यू-ई, भरले पाच. त्यामुळं पहिली सवय ही लावा की समोर दिसेल त्या वस्तूचं स्पेलिंग बोटावर मोजायचं. आमच्याकडं लूम चाराचा, थ्रेड सहाचा, शीट, क्लॉथ आणि टॉवेल पाचाचे. आठ दिवस केलं की शब्द ऐकल्या ऐकल्या आकडा कळायला लागतो, खरंच.

पहिला शब्द काहीही टाकू नका. वर्डलच्या उत्तरांत ई, ए, आर, ओ, टी ही लेटरं सगळ्यात जास्त येतात, सुरुवातीला एस जास्त, शेवटी ई आणि वाय. म्हणून मी रोज स्लेट टाकतो, आपली पाटी, एस-एल-ए-टी-ई. काही जण क्रेन टाकतात, तोही चांगलाय.

आता एक डाव नीट बघा. स्लेट टाकला, एस आणि ए राखाडी, एल, टी, ई तिन्ही पिवळे. म्हणजे तिन्ही आहेत पण एल दुसरा नाही, टी चौथा नाही, ई पाचवा नाही. इथं लगेच पुढचा शब्द टाकायचा नाही, थांबायचं आणि शेवट शोधायचा. ई आणि एल एकत्र शेवटी कुठं येतात? हॉटेल, मोटेल, लेबल, मॉडेल. टी पाहिजे म्हणून हॉटेल टाकला, एच-ओ-टी-ई-एल. ओ हिरवा, ई हिरवा, एल हिरवा, टी परत पिवळा, एच गेला. आता टी तिसरा नाही, चौथा नाही, दुसऱ्या आणि पाचव्या जागा भरल्या, राहिली फक्त पहिली. टी-ओ, मधे एक रिकामं, ई-एल. टॉवेल! दिवसभर ज्याच्या गठ्ठ्यांची बिलं बनवतो तोच शब्द. व्हॉवेल आणि डॉवेल पण ह्याच घरातले, असे शब्द शेवटाप्रमाणं वहीत एका पानावर लिहून ठेवा, डिक्शनरी पाठ करण्यापेक्षा हे फार कामाला येतं.

पण शेवट सापडला म्हणून लगेच खूश होऊ नका, सगळ्यात मोठा फास तिथंच आहे. आय-जी-एच-टी हिरवे झाले आणि पहिलंच लेटर राहिलं तर एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे रोजच्या वापरातले आठ शब्द तयार, आणि एकेक करत बसलात तर चान्स संपले. अशा वेळी मुद्दाम चुकीचा शब्द टाकायचा, फिल्म्स, एफ-आय-एल-एम-एस. एफ, एल, एम, एस चारी एका फटक्यात तपासून होतात. एखादा पेटला तर उत्तर मिळालं, नाही पेटला तर इनर टाका, आय-एन-एन-ई-आर, त्यात एन, ई, आर बघून होतात आणि तिन्ही गेले तर टाइट नक्की. फक्त हार्ड मोड चालू असेल तर हे जमत नाही, त्यात सापडलेली लेटरं वापरावीच लागतात.

सगळे व्हॉवेल राखाडी आले की भाचा घाबरतो, घाबरायचं नाही, वाय धरायचा. लिम्फ, निम्फ, क्रिप्ट, ग्लिफ. लिम्फ तर बायोलॉजीत येतोच. क्यू आला की मागं यू बहुतेक असतोच, क्विक, क्वीन, कोटा. क्वाएट आणि क्वाइटची तर लेटरंही तीच, फक्त ई-टी आणि टी-ई ची अदलाबदल, हे दोन शेजारी शेजारी लिहून ठेवा कारण परीक्षेतही इथंच मार्क जातात. आणि एकच लेटर दोनदा येऊ शकतं हे लक्षात असू द्या, शीटमधे ई दोनदा आहे, आपण एकदा हिरवा झाला की ते लेटर विसरूनच जातो.

अजून एक, गेमची स्पेलिंगं अमेरिकन आहेत. रंगाचा कलर आपला सहाचा, त्यांचा यू नसल्यामुळं पाचाचा, ह्यूमर आणि फेवरचंही तसंच. फायबर तर दोन्हीकडं पाचाचाच, आपल्याकडं शेवटी आर-ई, तिकडं ई-आर. भाच्याला सांगितलंय, गेममधे ई-आर टाक, पण पेपरात आर-ईच लिही.