ब्लूबेरीची पानं पिवळी, शिरा हिरव्या? आधी पाणी तपासा

कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की बहुतेक जण लोह फवारतात. पानं आठवडाभर सुधारतात, पुन्हा पिवळी. लोह बहुधा मातीत असतंच. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचं माप; आकडा चढला की आम्लता कमी) चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. ब्लूबेरीला सामू ४.५ ते ५.५ लागतो. आम्लधर्मी मातीची ही गरज अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१०च्या सुमारासच दाखवून दिली होती.

आपली चुनखडीची काळी माती ८च्या आसपास, म्हणून धुतलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंडीतच लावा. पण खरा घोटाळा बोअरच्या पाण्यात. त्यातली बायकार्बोनेटं (आम्लता मारणारे विरघळलेले क्षार) दर पाण्यासोबत सामू वर ढकलतात. दहा लिटरच्या बादलीत सायट्रिक अॅसिड चिमूट-चिमूट ढवळत सामू ५ ते ५.५वर आणा, किती ग्रॅम लागलं ते लिहून ठेवा. पंधरवड्याला कुंडीखालून निथळणाऱ्या पाण्याचा सामूही मोजा; मुळांची खरी अवस्था तिथेच कळते.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट, तेही थोडं-थोडं. नायट्रेटची खतं नकोत, राख तर मुळीच नको. मुळं उथळ आणि केसमुळांविना असतात, त्यामुळे खुरपं दूरच ठेवा.